थोडा मावा राहू द्या

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला: शेजार. माणसांच्या शेजारावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही जरा वेगळीकडे बघा, असंही म्हणाले. फोन ठेवला आणि मला रुई आठवली.

शनिवारची रुई

आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे. देवळामागे गटाराच्या कडेला रुई वाढलीय, चांगली पुरुषभर उंच. दर शनिवारी पहाटे गुरवकाका येतात, निबर आणि स्वच्छ पानं खुडतात आणि पायरीवर माळ ओवायला बसतात. कोवळ्या शेंड्यांना ते हात लावत नाहीत, कारण तिथे मावा असतो. हळदीत घोळून चिकटवलेल्या तिळांसारखा, देठापासून कळ्यांपर्यंत दाट. पाय आणि पाठीमागची दोन नळकांडी तेवढी काळी.

"किडकं पान देवाला कसं वाहायचं?" काका म्हणाले.

मी दहापट दाखवणारं भिंग घेऊन त्या शेंड्यापाशी उकिडवी बसले. पहिली पाच मिनिटं नुसता पिवळा रंग दिसत होता. मग डोळा सरावला आणि त्या पिवळ्यात काही दाणे पिवळे नाहीत हे ध्यानात आलं. ते बदामी होते, भाजलेल्या तिळासारखे. टम्म फुगलेले आणि पानाला पक्के डकवलेले. बाकीचे मावे भिंगाच्या सावलीने पाय हलवत, हे हलत नव्हते. एकाला नखाने टोकलं तर वाळक्या पापुद्र्यासारखं कुरकुरलं. काहींच्या पाठीवर भोक होतं, कंपासने आखल्यासारखं गोल. एका भोकाचं झाकण अजून तसंच लटकत होतं, डब्याचं झाकण बिजागरीवर लटकावं तसं.

हे मेलेले मावे. त्यांच्या आत कुणीतरी वाढलं होतं आणि झाकण कापून निघून गेलं होतं. कीटकशास्त्रात या वाळक्या सांगाड्याला 'ममी' म्हणतात. आत वाढणारी असते गांधीलमाशीच्या गोतातली एक माशी, दोन-तीन मिलिमीटर लांबीची, काळसर, बारीक कमरेची. ती माणसाला चावत नाही, पोळं बांधत नाही, गुणगुणतही नाही. कृषी खात्याच्या पत्रकांत तिचा उल्लेख 'परोपजीवी कीटक' किंवा 'मित्रकीटक' असा येतो. रोजच्या बोलण्यात तिला नावच नाही, कारण ती कुणाला दिसलेलीच नाही. या लेखापुरतं मी तिला बारकी गांधील म्हणते.

लेकीच्या पोटात नात

बारक्या गांधिलीचं काम समजायचं तर आधी मावा समजायला हवा.

मावा पानाच्या शिरेत सोंड खुपसतो आणि झाडाचा गोड रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि शरीर घडवणारी द्रव्यं फार थोडी. ती पुरेशी मिळवायला त्याला रस खूप प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो मागच्या मागे थेंबाथेंबाने टाकत राहतो. खालच्या पानांवर जो चकाकणारा चिकट थर दिसतो तो हाच. ज्वारीवरच्या माव्याला तर आपले शेतकरी 'चिकटा'च म्हणतात. त्या साखरेवर काळी बुरशी चढते, पान काजळी धरल्यासारखं काळवंडतं आणि त्याला ऊन घेता येत नाही. म्हणजे मावा झाडाला एकदा वरून पितो आणि एकदा खालून झाकतो.

पण त्याची खरी ताकद पोरवड्यात आहे. आपल्याकडच्या उबदार हवेत बहुतेक माव्यांच्या माद्या नराशिवायच पिल्लांना जन्म देतात. रुईवरच्या पिवळ्या माव्यात तर नर जवळपास आढळतच नाहीत. सगळं गाव बायकांचं. त्या अंडी घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लं टाकतात. आणि त्या पिल्लाच्या पोटात जन्मतानाच पुढच्या पिढीचे गर्भ धरलेले असतात. आजीच्या पोटात लेक, लेकीच्या पोटात नात, तिन्ही एकाच वेळी. आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः आई होतं. शेंड्यावर दाटी झाली की काही पिल्लांना पंख फुटतात आणि ती शेजारचं झाड गाठतात.

असा जीव शंभरातले पंच्याण्णव मारले तरी पंधरवड्यात पुन्हा तेवढाच होतो. शंभरातले शंभर मारणं कुठल्याच पंपाला जमत नाही, कारण मावा बसतो पानाच्या पाठीला आणि फवारा पडतो पानाच्या तोंडावर.

डोळ्याचं पातं लवायच्या आत

तिसऱ्या सकाळी मला ती दिसली. आधी वाटलं, चिलट आहे. देठावरून ती झपाझप चालत आली, लांब मिशा पुढे करून, वाट चाचपत. माव्यांच्या घोळक्याशी आल्यावर चाल मंदावली. एकेका माव्याच्या पाठीवर मिशांची टोकं टेकवून ती पुढे सरकत होती, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तशी. एकाला सोडलं, दुसऱ्याला सोडलं. तिसऱ्यापाशी थांबली, पायांवर उंच झाली, आणि पोट पायांच्या मधून पुढे वळवून, थेट स्वतःच्या डोक्याच्याही पुढे, एक टोचणी दिली. मी पापणी लववली असती तर ते चुकलं असतं.

टोचलेला मावा लाथ झाडून गप्प झाला आणि पुन्हा रस प्यायला लागला. शेजारच्याने मात्र मागच्या नळकांड्यांतून एक बारीक थेंब सोडला. माव्यांचा धोक्याचा इशारा या थेंबातल्या वासाने जातो. लगेच तिघा-चौघांनी सोंडा उपसल्या आणि त्यांतला एक सरळ खाली मातीत पडला. कधीकधी हा थेंब माशीच्या तोंडावर बसतो, वाळून मेणासारखा घट्ट होतो, आणि मग तिला शिकार सोडून तोंड पुसत बसावं लागतं.

त्या एका टोचणीत तिने माव्याच्या अंगात एक अंडं ठेवलं. पहिल्या दोघांना सोडलं ते बहुधा त्यांच्यात आधीच कुणाचं अंडं असल्यामुळे. तेवढं तिला कळतं. अशी काही शे अंडी ती तिच्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात घालते. नराशी संग झाला असेल तर अंड्यांतून माद्याही निघतात, नसेल तर नुसते नर.

आतली अळी घाई करत नाही, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे. सुरुवातीला ती माव्याच्या अंगातल्या द्रवावर जगते आणि त्याचे मोक्याचे अवयव शाबूत ठेवते. मावा जिवंत राहतो, खातो, चालतो, आणि त्याने खाल्लेलं अळीच्या अंगी लागतं. आठवडाभराने मग ती उरलेलं सगळं संपवते, माव्याच्या पोटाखाली चीर पाडते, रेशमाच्या धाग्याने त्याचं कातडं पानाला चिकटवते आणि त्या पोकळ घरात कोष करते. कातडं वाळून फुगतं, बदामी होतं. ही ममी. आणखी चार-सहा दिवसांनी आतून झाकण कापलं जातं. काही जातींच्या ममी काळ्या आणि सडपातळ असतात, तर एक जात माव्याच्या खाली छोटा तंबू उभारून त्यात कोष करते.

हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या अंतोनी फान लेव्हेनहूकने १७०० च्या सुमारास स्वतः घासलेल्या भिंगांतून असेच फुगलेले मावे पाहिले होते आणि त्यांतून माश्या निघताना टिपल्या होत्या. तीनशे वर्षांनंतर तेच बघायला मला देवळामागच्या गटारापर्यंत जावं लागलं, एवढाच फरक. रुईचा चीक विषारी. तो मावाही स्वतःच्या अंगात साठवतो. असल्या विषारी पोटातही या माशीची पिल्लं वाढून बाहेर पडतात.

पिठाच्या गिरणीतून आल्यागत

रुईवरच्या माव्याने कुणाचं पोट बुडत नाही. उसावरच्या लोकरी माव्याने एकदा बुडवलं होतं. ते बघायला मी श्रावण सरता सरता सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी गेले. हवा कुंद होती, पाऊस थांबून थांबून येत होता. लोकरी माव्याला हीच हवा मानवते.

ज्यांच्या फडात गेले ते काका सत्तरीचे. बांधावर पाय ठेवताच त्यांना २००२ साल विचारलं.

"त्या सालाचं काय सांगू ताई! फडात शिरून बाहेर आलं की माणूस पिठाच्या गिरणीतनं आल्यागत दिसायचा. टोपी, मिशा, समदं पांढरं."

२००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसाच्या पानांच्या पाठी अचानक पांढऱ्या झाल्या. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी कापूस पिंजून चिकटवल्यासारखा थर. तो कापूस म्हणजे माव्याने अंगावर सोडलेलं मेण. बघता बघता साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे, नदी ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे पांढरं पसरलं, आणि एकट्या महाराष्ट्रात लाखाहून जास्त हेक्टर ऊस त्याखाली आला. जनावरांना म्हणून गावोगाव जाणाऱ्या वाढ्यांबरोबर मावाही गावोगाव गेला. खालची पानं आधी चकाकली, मग काळी पडली.

"औषध मारलं असेल ना?"

"मारायचं कुटं? धा फुटी ऊस, वरचं पान हाताला येत न्हाई. आडसालीच्या फडात पंप घिऊन शिरलं की आत वारा न्हाई. निम्मं औषध आपल्याच अंगावर. पोरगा माझा दोनदा चक्कर येऊन सरीत पडला. मग म्हणलं, ऊस गेला तर जाऊंदे."

मॅलॅथिऑन, डायमेथोएट, फोरेटचे दाणे, जे हाताला लागेल ते लोकांनी वापरलं. मेणाच्या थराखाली औषध पोचत नव्हतं आणि पोचलं तरी वरच्या पानांवरून मावा पुन्हा उतरत होता. मग एक दिवस साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे शेतकी खात्याचा माणूस, सायकलला उसाची पानं बांधून आला.

"त्या पानांवर अळ्या. म्हणला, ही पानं तुमच्या उसाला बांधा. मी म्हणलं, एक कीड कमी हाय व्हय रं, तर दुसरी आणलीस?"

त्या अळ्या डिफाच्या. डिफा हा एक पतंग. पतंगाच्या अळ्या पाला खातात हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत, पण ही अळी मांसाहारी, आणि खाते लोकरी मावाच. माव्याच्या वस्तीत ती जाळीचे बोगदे विणते आणि आतून एकेकाला ओढून घेते. जाळीची तिला गरजही असते, कारण या माव्याची कोवळी पिल्लं निमूट मरणारी नाहीत. त्यांच्या कपाळावर बारीक शिंगं असतात. चालून आलेल्या शत्रूला ती पायांनी धरून शिंगांनी भोसकतात. डिफाच्या जोडीला मायक्रोमस नावाचा तपकिरी जाळीदार पंखांचा कीटकही आपसूक दिसू लागला होता. हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या, अशी शिफारस झाली. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, पुण्याचं कृषी महाविद्यालय, कारखान्यांची शेतकी खाती, सगळे या कामाला लागले. उभ्या उसावर शेडनेट टाकून आत मावा आणि डिफा दोन्ही वाढवले गेले. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मुद्दाम मावा वाढवायचा, ही गोष्ट त्या दिवसांत पचायला किती जड गेली असेल! पण माव्याशिवाय डिफा जगणार कसा?

जावा, आसाम, सांगली

डिफाची अळी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची गोष्ट गावात राहिली. तिसरी पाहुणी दिसत नाही, म्हणून तिची गोष्ट कुणी सांगत नाही.

लोकरी मावा आपल्याकडे नवा होता, जगाला नवा नव्हता. जावा बेटावर उसाचा अभ्यास करणाऱ्या लिओ झेंट्नर या स्विस कीटकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तीनच वर्षांनी त्यानेच त्या माव्याच्या अंगात वाढणाऱ्या एका माशीचंही वर्णन केलं: एन्कार्सिया फ्लॅवोस्क्युटेलम. लांबी मिलिमीटरच्याही आत. पाठीवरच्या ढालीसारख्या भागाला पिवळी छटा, म्हणून लॅटिनमधलं ते नाव, 'पिवळ्या ढालीची'. कीड आणि तिचा काळ, दोघांची कुंडली एकाच माणसाने मांडली.

भारतात हा मावा पश्चिम बंगालमधून १९५८ मध्ये नोंदला गेला आणि ईशान्येकडच्या राज्यांत तो वर्षानुवर्षं आहे. तिथे मात्र फडच्या फड पांढरे होत नाहीत, कारण ही पिवळ्या ढालीची माशी तिथे त्याच्याबरोबरच नांदते. २००२ मध्ये मावा सांगलीपर्यंत आला, पण ती मागेच राहिली. कोल्हापूर-सांगलीला जे सोसावं लागलं त्याच्या मुळाशी हे आहे असं मला वाटतं. कीड आली, तिचा शेजार आला नाही.

मग तो शेजार आणला गेला. बंगळूरच्या जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने (आज ही संस्था राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणून ओळखली जाते) ईशान्येतून ही माशी आणून कर्नाटक, महाराष्ट्र आणि तामिळनाडूत सोडली. ती इथे रुजली. पुढच्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांची पाहणी झाली तेव्हा डिफा आणि मायक्रोमसबरोबर तिचीही नोंद होत गेली. लोकरी मावा आजही दिसतो, पण पट्ट्यापट्ट्यांनी.

काकांच्या फडात असा एक पट्टा होता, पाटाच्या कडेला, पाच-सात पावलांचा. पान उलटं केलं तर शिरेलगत पांढरी रेघ. भिंग लावलं. मेणाच्या धाग्यांत मावे दाटीने बसलेले. काही ठिकाणी जाळी, आत डिफाची अळी आणि तिने खाऊन टाकलेल्या माव्यांची सालपटं. आणि मेणाच्या कडेने एक पिवळसर-काळा ठिपका चालत होता. भिंगाखालीही तो खसखशीच्या दाण्याहून मोठा दिसेना. तो थांबला, माव्याच्या अंगावर चढला, मागे वळला. जात कुठली ते खात्रीने सांगायला सूक्ष्मदर्शकच हवा, पण गोलाकार भोकं पडलेले, वाळलेले मावे त्याच पानावर होते. मी ते पान काकांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"ह्ये इतकी वर्षं हितं हाय?"

"असावी, काका."

त्यांनी ते पान तोडलं नव्हतं, नुसतं वाकवलं होतं. हलकेच सोडून दिलं.

अशा गोष्टी आणखीही आहेत. तामिळनाडूत २००८ मध्ये पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आला आणि २०१० पर्यंत आपल्या पुण्याकडच्या बागांतही पोचला. त्याच वर्षी प्वेर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही बारीक माशी मागवून सोडण्यात आली आणि तिने तो पिठ्या ढेकूण आवरला. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाच्या मागे तर एक माशी कुणी न बोलावताच आली. २००९ मध्ये तिला एनासियस बंबावालेई हे नाव दिलं गेलं, एकात्मिक कीड व्यवस्थापनात आयुष्य घालवलेल्या डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या गौरवासाठी. पुढे ती अमेरिकेतून आधीच वर्णिलेल्या जातीचीच निघाली आणि शास्त्रीय नाव बदललं. तरी एका मराठी आडनावाचा मान त्या मिलिमीटरभर माशीने काही वर्षं मिरवला, हे मला आवडतं.

चोरावर मोर

रुईकडे परत येते. माव्याच्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा असते हे कुणीही बघितलेलं असतं. मुंगी मिशांनी माव्याची पाठ थोपटते आणि तो गोड थेंब सोडतो. त्या थेंबाच्या बदल्यात मुंगी राखण करते. बारकी गांधील दिसली की अंगावर धावून जाते. एका सकाळी मी शेजारशेजारच्या दोन शेंड्यांवरच्या ममी मोजल्या. मुंग्यांच्या वाटेवरच्या शेंड्यावर दोन; ज्या शेंड्यापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या तिथे एकतीस. एका झाडावरची ही मोजणी आहे, तिचा सिद्धान्त करायचा नाही. पण उसाचा, मिरचीचा, करडईचा शेतकरी बुंध्यावरच्या मुंग्यांची रांग बघून "आत मावा आहे" एवढंच ओळखतो. आता त्याने "राखणदार आहेत" हेही ओळखावं.

माव्याच्या आतही राखणदार असतात. वाटाण्यावरच्या माव्याच्या काही कुळांत एक जिवाणू राहतो, आणि त्या जिवाणूच्या आत राहणारा विषाणू असं विष बनवतो की गांधिलीचं पिल्लू आतल्या आत मरतं. तीन जीव एकाच्या आत एक.

आणि गांधिलीलाही शत्रू आहे. ममी तयार होते तेव्हा दुसऱ्याच जातीची एक माशी येऊन आतल्या अळीवर किंवा कोषावर स्वतःचं अंडं घालते. माव्याला खाणारीला खाणारी. अगदी चोरावर मोर. भिंगातून हे ओळखायची खूण सोपी आहे: पहिली माशी झाकण सुबक गोल कापून निघते, ही दुसरी कडा वेड्यावाकड्या कुरतडून. मी एक फांदी काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधलं होतं. आठवड्यात बरणीत बावीस माश्या निघाल्या. भोकं तपासली, पाचांच्या कडा फाटक्या होत्या.

पंप खाली ठेवायचा तो आठवडा

ट्रायकोकार्ड ऊसवाल्या शेतकऱ्याला ओळखीचं आहे. वीसेक हजार परोपजीवी अंड्यांचं ते कार्ड कात्रीने पट्ट्या कापून पानाला टाचलं की झालं. ती माशी खोडकिडीच्या अंड्यांत अंडी घालते. कार्ड विकत मिळतं, हातात धरता येतं, म्हणून ते 'केल्यासारखं' वाटतं. माव्यावरची गांधील बहुतेक वेळा विकत आणायचीच नसते. ती शेतात आलेली असते. माव्याच्या चिकट थेंबांचा वास आणि मावा लागलेल्या झाडाने सोडलेला वास, दोन्ही हुंगत ती येते. पण ती येते माव्याच्या मागून, आठवडा-दीड आठवड्याने. आणि नेमका त्याच आठवड्यात दुकानदार बाटली काढून काउंटरवर ठेवतो.

पंप मारला की दोघंही मरतात. मग मावा आठ दिवसांत परत येतो आणि गांधिलीला यायला महिना लागतो. या मधल्या मोकळ्या मैदानात मावा आधीपेक्षा जास्त फोफावतो. कपाशीवाल्या भागात हे चक्र पुष्कळांनी भोगलंय. पहिल्या फवारणीमुळे दुसरी लागते, दुसरीमुळे तिसरी.

जी गोष्ट मला सांगलीच्या काकांच्या बांधावर बसून कळली, तीच मी सांगायला आले आहे. थोडा मावा शेतात राहायला हवा. शेत पूर्ण स्वच्छ केलं तर गांधिलीला अंडी घालायला जागा नाही. ती उपाशी मरते किंवा निघून जाते, आणि पुढचा मावा येतो तेव्हा दार उघडं असतं. बांधावर चवळीच्या चार वेली ठेवतात तेव्हा चवळीवरचा काळा मावा आधी येतो, त्याच्यावर मित्रकीटक पोसले जातात, आणि मुख्य पिकावर मावा चढेपर्यंत ते शेजारी तयार असतात. प्रौढ गांधिलीला स्वतःला लागतो मध. तिचं तोंड आखूड, म्हणून उथळ फुलं हवीत: कोथिंबीर, बडीशेप, मोहरी. काकींनी बियाण्यासाठी कोथिंबिरीचा एक वाफा फुलावर सोडला होता. "ही उपटायची राहिली," असं त्या ओशाळून म्हणाल्या. मी त्यांना फुलांवरच्या माश्या दाखवल्या.

थांबायचं म्हणजे डोळे झाकून बसायचं नाही. दर दोन-तीन दिवसांनी पानं उलटी करायची, मावे किती आणि ममी किती ते बघायचं. बदामी ममी दिसायला लागल्या की एक गोष्ट लक्षात ठेवायची: जेवढ्या ममी दिसतात त्याहून जास्त मावे आतून पोखरलेले असतात, फक्त अजून चालताना दिसतात. पिकाला खरंच धोका असेल, कपाशीच्या पानामागे दहाच्या पुढे मावे जात असतील आणि ममी एकही नसेल, तर उपाय करावाच लागतो. तोही आधी पाच टक्के निंबोळी अर्काने. पिवळे चिकट सापळे लावताना जपायचं, कारण त्यांवर उडत्या माव्यांसोबत बारक्या गांधिलीही अडकतात.

सगळीकडे ही वाट चालत नाही. पपईच्या रिंगस्पॉट रोगाचा विषाणू मावा काही क्षणांत एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. तिथे गांधिलीची वाट बघण्यात अर्थ नाही आणि फवारणीलाही तेवढा वेग नाही. निरोगी रोपं आणि रोगट झाडं वेळेत उपटणं हेच हातात राहतं.

निघताना काका म्हणाले, "त्या वक्ताला पंधरा-इस हजाराचं औषध मारलं असंल मी. कुनी एकानं जरी हे भिंग दिलं असतं."

मी भिंग त्यांच्याकडे ठेवून आले.

शेंडा

पुढच्या शनिवारी पहाटे देवळामागे गेले तेव्हा गुरवकाका रुईपाशीच होते. मी त्यांना तो शेंडा दाखवला. पिवळे तीळ आता थोडेच उरले होते, बदामी ममींनी देठ खरखरीत झाला होता. त्यांनी हातातली पानांची जुडी पायरीवर ठेवली आणि वाकून बघितलं. एका ममीचं झाकण आतून उचललं जात होतं. आधी मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग पुढचे दोन पाय. बाहेर येऊन ती माशी ममीच्या पाठीवरच थांबली, पुढच्या पायांनी मिशा पुसल्या, पंख एकदा उघडून मिटले.

"ही फांदी छाटायची होती," काका म्हणाले. "वाटेत येते."

मग त्यांनी पलीकडून वळसा घालून खालची पानं खुडायला सुरुवात केली.